भावाने बसवलेलं इंजिन आणि माझं तोंड

माझा राग कुठून सुरू होतो ते मला सांगता येणार नाही, पण कुठवर पोचतो ते अख्ख्या बंदराला माहीत आहे. आई म्हणायची, हिला जन्मल्यावर मधाऐवजी मिरची चाटवली. सगळे हसायचे, मीही हसायचे. मासे विकणाऱ्या बाईला तोंड लागतंच. गोड बोललं की गिऱ्हाईक म्हणतं, घाल अजून दोन बोंबील वर. त्यामुळे माझ्या तोंडाचा मला अभिमानच होता. हे लिहायला घेतलंय तेही रागातच घेतलंय. फक्त या वेळी ओरडायला समोर दुसरं कोणी नाही.

माझं गाव किहीमच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. इथे मासे विकून पोट भरत नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरात मासे. शनिवार-रविवारी बंगलेवाले येतात, पण ते मोबाईलवरून मागवतात. माझं गिऱ्हाईक खिंडीपलीकडे. तिकडे सगळी भातशेतीवाली गावं. बायका दारात ताटली घेऊन वाट बघत असतात आणि नऊच्या आत पोचलं तर डबा रिकामा होतो. उशीर झाला की दुसरी कोणीतरी टोपलं रिकामं करून गेलेली असते, आणि मग बर्फाच्या पाण्यात तरंगणारी मांदेली घेऊन आल्या वाटेने परत.

स्कूटर माझी जुनी, कार्बोरेटरवाली, छोट्या इंजिनाची. पायाशी एक क्रेट, मागे थर्माकोलचा मोठा डबा, मध्ये मी. आणि मी काही चवळीची शेंग नाही. खिंडीचा चढ लागला की तिचा जीव जायचा. ॲक्सिलरेटर मनगट दुखेपर्यंत पिळला तरी ती आपली कण्हत चढायची, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून माझं डोकं उठवायचे. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मला भाऊ एकच, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. उरणला ट्रेलरच्या गॅरेजात दहा-बारा वर्षं काढली त्याने, आणि मग गावाजवळ परत येऊन फाट्यावर पत्र्याची शेड टाकली. स्वतःचं गॅरेज. तो म्हणाला, "ताई, नवी गाडी कशाला घेतेस? हिलाच मोठा बोअर टाकू." म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि पिस्टन काढून मोठ्या मापाचा घालायचा. गाडी तीच, ताकद दीडपट. बंदरावर स्कूटरवरून धंदा करणाऱ्या माझ्यासारख्या आणखी सहा जणी होत्या. सगळ्यांना तोच चढ, सगळ्यांची तीच रड. त्या सहाही जणी थांबल्या होत्या, की हिची गाडी खिंड चढली तर आपल्याही गाड्या त्याच्याकडे द्यायच्या. शेड टाकून तीन महिने झाले होते आणि तोवर त्याच्याकडे पंक्चर काढायला न् ऑइल बदलायलाच लोक येत होते. माझी गाडी चालली तर त्याचं गॅरेज चालणार होतं. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, फाट्यावरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

इंजिन बसवलं त्या दिवशी त्याने मला समोर उभं करून सांगितलं. "पिस्टनच्या नव्या रिंगा ब्लॉकला घासून घासून बसतात. पहिले पाचशे किलोमीटर गाडी रिकामी चालव. वेग कमी-जास्त करत चालव. जागेवर उभी करून चालू ठेवायची न्हाय, उगाच पाच मिनिटंपण न्हाय. आणि घरात सांगून ठेव, दुसऱ्या कोणी हात लावायचा न्हाय."

मी म्हटलं, "नवी नवरी आणलीयस की इंजिन?"

तो हसला नाही. "ऐकलंस ना?"

"ऐकलं रे. बहिरी न्हाय मी."

घरात सांगून ठेव म्हणाला होता. मी घरात कोणाला काही सांगितलं नाही. गाडी घरी आणली, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी चुलतबहिणीच्या लग्नाला उरणला गेले. भाऊही आला होता. दोन दिवस राहिलो.

घरात होते फक्त सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. नवरा बोटीवर, एकदा गेला की आठ-आठ दिवस तोंड दिसत नाही. मामांनी चाळीस वर्षं बोटींची इंजिनं सांभाळली. किनाऱ्यावर उभं राहून, लांबून येणारी बोट दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावरून कोणाची बोट आणि तिच्या इंजिनात काय दुखतंय ते सांगायचे. त्या आवाजानेच त्यांचे कान खाल्ले. एक पार गेला, दुसरा नावाला उरला. गेल्या मोसमात बोटमालकाने सांगितलं, आता घरी बसा. तेव्हापासून ते ओटीवर बसून खाडीचं पाणी चढताना-उतरताना बघायचे. जेवायला हाक मारली तर ऐकू जायची नाही, खांद्याला हात लावला की दचकायचे. मला त्यांची दया यायची आणि संतापही यायचा, कारण रोज ताट गार व्हायचं. दोन्ही खरं आहे.

लग्नाहून परतले आणि बघते तर स्कूटरची टाकी रिकामी. जाताना मी ती अर्ध्याच्या वर भरून ठेवली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत उभी राहून मी पेट्रोल चोरणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. शेजारपाजारची दारं बंद झाली. मामा ओटीवर बसून माझ्याकडे बघून हसत होते, हात वर करून 'झालं, झालं' असं काहीतरी खुणेने सांगत होते. मला वाटलं, यांना काय ऐकू येतंय, मी आल्याचा आनंद झाला असेल.

दुसऱ्या दिवशी मासे टमटमने पुढे पाठवले आणि मी मागून रिकामी गाडी घेऊन निघाले, भावाने सांगितल्याप्रमाणे. सपाटीला ठीक चालली. खिंड लागली आणि मागे निळा धूर सुटला. दुसऱ्या वळणावर आतून टकटक आवाज यायला लागला, सीटखालून भट्टीसारखी धग यायला लागली आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. रिकामी गाडी! त्या सहा जणींपैकी दोघी शेजारून कण्हत कण्हत चढून गेल्या. त्यातली एक मान वळवून म्हणाली, "काय गो, भावाने इंजिन बसवलं का चूल?"

मी भावाला फोन केला आणि फोनवर काय बोलले ते त्या खिंडीतल्या माकडांनीही ऐकलं असेल.

तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. प्लग काढला, उन्हात धरून बघितला. पांढराफटक. म्हणाला, "पेट्रोल कमी पडतंय. मोठ्या पिस्टनला जुना जेट पुरत न्हाय." कार्बोरेटर तिथेच रस्त्याच्या कडेला उघडला, पेट्रोल सोडणारा जेट बदलला, मोठ्या भोकाचा घातला. मग इंजिन चालू करून कार्बोरेटरच्या जोडावर बोटाने थोडं ऑइल लावलं, तशी इंजिनाची रेस बदलली. म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती. ते गॅस्केट बदललं. टकटक थांबली, गाडी वर चढली. मला वाटलं, सुटलो. पण धूर जाईना. आणि तीन दिवसांनी बघितलं तर ऑइलची काडी कोरडी. गाडी पेट्रोलसारखं ऑइल पीत होती. घरचं झालं थोडं न् व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. टमटमवाला वेळेवर यायचा नाही, मासे उशिरा पोचायचे, खिंडीपलीकडची एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "तुझी वाट बघून डाळ शिजवली मी."

भाऊ पुन्हा आला, या वेळी घरी. अंगणात गाडी लावली, खाली ताटली ठेवून ऑइल सोडलं. डांबरासारखं काळं. त्याने बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. लग्नाआधी भरलेलंच ऑइल ते, नुसतं वर ओतत होतो. मग उठून मीटर बघितलं.

"ताई, शंभर किलोमीटरपण झाले न्हाईत. आपण लग्नाला गेलो तेव्हा गाडी कोणी चालवली?"

"कोण चालवणार? इथेच होती. पेट्रोल तेवढं चोरलं मेल्यांनी."

त्याने वाकून सायलेन्सरचा पाइप बघितला. इंजिनाजवळ तो निळा-जांभळा पडला होता. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मला किक मारायला लावली, मग भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मारायला लावली. दुसऱ्या वेळी अंगठा उडाला. त्याचा अर्थ मला आता माहीत आहे: ऑइल टाकल्यावर दाब वाढतो म्हणजे रिंगा बसलेल्या नाहीत. तेव्हा मी नुसती कमरेवर हात ठेवून विचारत होते, "झालं का तुझं जादूटोण्याचं?"

तो उठला, फडक्याला हात पुसले आणि ओटीवर मामांकडे गेला. त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. मामा खुलले. हातवारे करून बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, खाडीकडे बोट दाखवत होते, मध्येच तळहात हवेत ठेवून थरथरवून दाखवत होते. मी आत चहा ठेवत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या बोटीच्या आठवणी निघाल्या. भाऊ मान डोलावत होता.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता. म्हणाला, "ताई, माझीच चूक झाली. रिंगा बसवताना चुकलं माझं. गाडी तीन दिवस दे, इंजिन पुन्हा उघडतो."

एवढं ऐकलं आणि मी सुटले. तीन दिवस! आणखी तीन दिवस! बारा वर्षं उरणला काय ट्रेलर पुसत होतास का? बहिणीच्या गाडीवर शिकून घेतोस? माझं गिऱ्हाईक गेलं ते तुझ्या शेडमधून येणार आहे का? मी बोलत होते आणि तो ऑइलची ताटली उचलून कडेला ठेवत होता, सांडू नये म्हणून. त्याने उलट एक शब्द काढला असता तर मी कदाचित थांबले असते. गप्प माणसाचा मला जास्त राग येतो.

आणि मग मी ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, लिलावाला अख्खं बंदर गोळा झालेलं असताना, एकीने सहज विचारलं, "गाडी कुठाय गो?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले. म्हटलं, माझ्या भावाच्या हातात गाडी द्याल तर पस्तावाल. मी म्हणते म्हणून न्हाय, तो स्वतःच्या तोंडाने म्हणालाय चूक झाली म्हणून. सख्ख्या बहिणीचं इंजिन नीट बसवता येत न्हाय, तो तुमचं काय बसवणार?

हसल्या सगळ्या. मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या वेळी छातीवरचा दगड उतरल्यासारखं बरं वाटलं.

त्याने तीन दिवसांत ब्लॉक अलिबागला नेऊन आतून घासून आणला, नव्या रिंगा घातल्या. गाडी परत दिली तेव्हा म्हणाला, "किल्ली घरात ठेवू नको. कमरेला ठेव. झोपतानापण." मी म्हटलं, "का, आता किल्लीपण चुकीची बसवलीस?" मी किल्ली कमरेला अडकवली, आणि ते त्याचं एवढं एकच म्हणणं मी ऐकलं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तो माझ्याबरोबर खिंडीत आला, इंजिन ट्यून करायला. डबा आणि क्रेट भरून, मी चालवत, तो त्याच्या मोटरसायकलवरून मागे. वर पोचलं की गाडी बंद करायची, तो गरम प्लग फडक्याने काढून बघायचा, जेट बदलायचा, खाली जायचं, पुन्हा चढायचं. असं चार वेळा. मी तोंड फुगवून होते. चौथ्यांदा प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा निघाला. गाडी अशी चढली होती की मला शेवटच्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडावा लागला. धूर नाही, टकटक नाही. त्याने प्लग मला दाखवला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन ते माहीत नाही. म्हणाला, "बघ."

मी म्हटलं, "आधीच केलं असतंस तर?" आणि निघाले. नऊच्या आत पोचायचं होतं.

त्या सहा जणींपैकी एकीनेही त्याच्याकडे गाडी दिली नाही. माझी गाडी खिंड चढताना सगळ्यांना दिसत होती, पण माझं बोलणं सगळ्यांनी आधी ऐकलं होतं. कोणी म्हणे, दोनदा उघडल्यावर चालली, आपल्याकडे कुठे दोनदा उघडायला वेळ आहे. कोणी म्हणे, स्वतःची बहीण म्हणून केली, आपली कशी करेल. पंक्चरवालेही कमी झाले. पावसाळा संपायच्या आत त्याने शेड सोडली आणि उरणला परत गेला, दुसऱ्याच्या हाताखाली, ट्रेलरचे टायर बदलायला. मी आईला फोनवर म्हटलं, "त्याच्यात चिकाटी न्हाय."

हे मी म्हटलंय. कुठे लपवू?

दिवाळीनंतर शेजाऱ्यांकडे नवी कोरी मोटरसायकल आली. एक दिवस दुपारी मी रिकामा डबा घेऊन घरी आले तर ती आमच्या अंगणात स्टँडवर उभी, इंजिन चालू. शेजारी कामावर गेलेला. मामा तिच्याशेजारी स्टुलावर बसलेले, तळहात इंजिनाच्या कडेला टेकलेला, नजर खाडीच्या पाण्यावर. इतके खुशीत मी त्यांना बोट सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "बाय, शेजाऱ्याला म्हटलं, मी देतो रुळवून. एक पाणी चालू ठेवायचं. तुझ्या गाडीला न्हाय का दिलं? तू लग्नाला गेलीस तेव्हा. भरती लागली तेव्हा सुरू केली, चिखल दिसला तेव्हा बंद केली. मधी येकदा हलली न्हाय जागची."

एक पाणी देणं. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बोटीत नवं इंजिन आलं की नारळ फोडायचा, बोट बंदराला बांधायची आणि पाणी चढून उतरेपर्यंत, दहा-बारा तास, इंजिन जागेवर हळू चालवायचं. इंजिनवाला शेजारी हात ठेवून बसतो. बोटीच्या इंजिनात पाणी फिरतं, ते तापत नाही, आणि नंतर ते भरली जाळी ओढतं, भारावर रुळतं. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होणारं. त्याला जागेवर दहा-बारा तास चालवलं की ब्लॉक आतून काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा कधीच बसत नाहीत, ऑइल वर चढतं, धूर होतो. टाकी रिकामी झाली, पाइप निळा पडला, ऑइल काळं झालं, आणि मीटर मात्र हललंच नाही.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं आणि मी ओरडले. किती ओरडले! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, तुमच्यामुळे. कोणी सांगितलं होतं हात लावायला? माझा भाऊ देशोधडीला लागला. अक्कल कुठे गहाण टाकली होती? इंजिनाच्या धडधडीत माझा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मान हलवत होते, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "व्हय. मस्त चाललंय. हाताला कळतंय."

मी पुढे झाले, मोटरसायकल बंद केली आणि आत जाऊन मोरीत भांडी आपटत बसले.

दुसऱ्या दिवशी धंदा सोडून उरणला गेले. भाऊ एका ट्रेलरखाली होता. बाहेर आला, मला बघून घाबरला, म्हणाला, "मामा बरे हायत ना?" पहिला प्रश्न तो. माझं डोकं आणखीच फिरलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी ऑइल सोडलंस तेव्हाच."

त्याने मान हलवली. "त्यांनीच सांगितलं. खूश होते. म्हणाले, तुझं अर्धं काम मी केलं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला सांगून?" तो फडक्याला हात पुसत होता, खाली बघत. "तुझं तोंड मला माहीत हाय, ताई. तू गल्लीत उभी राहून बोलली असतीस. बोटीवरून काढलेला माणूस, आता सगळा गाव म्हणाला असता, याला स्कूटरचं इंजिनपण कळत न्हाय. मग ते ओटीवर तरी बसले असते का?"

"आणि तू? तुझं गॅरेज गेलं!"

"मला उरणला काम मिळतं. त्यांना कोण देणार?"

मला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. देवाशपथ. कोणी सांगितलं होतं तुला साधू व्हायला? मला आधी सांगितलं असतंस, पाया पडून गप्प बस म्हणाला असतास, तर मी गप्प बसले नसते का? हे सगळं मी बोलले. तो म्हणाला, "बसली असतीस?" त्याच्या मालकाने हाक मारली तसा तो पुन्हा ट्रेलरखाली गेला. मी तिथे ऊन उतरेपर्यंत उभी होते. तो बाहेर आला नाही.

परत आल्यावर मी शेजाऱ्याला गुपचूप सांगितलं, नवी गाडी मामांकडे ठेवू नकोस, आणि का ते विचारू नकोस. मामांना काही बोलले नाही. हे मला किती जड गेलं ते मलाच माहीत. रोज जेवायला वाढताना दातांमागे एक वाक्य यायचं आणि रोज मी ते भाताबरोबर गिळायचे.

पण भावाचं नाव तरी धुऊन काढता येईल, असं वाटलं. एका सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी मी त्या सहा जणींना गाठलं. म्हटलं, माझ्या भावाने इंजिन बरोबर बसवलं होतं, पहिल्या दिवसापासून. त्याला परत बोलावतेय मी. तुम्ही गाड्या देणार असाल तर तो येईल.

एकमेकींकडे बघितलं त्यांनी. एक म्हणाली, "पण तूच तर म्हणालीस, त्याने स्वतः कबूल केलं म्हणून."

"ते खोटं बोलला तो."

"खोटं कशाला बोलेल कोणी स्वतःच्या अंगावर घेऊन? मग चूक होती कोणाची?"

मामांचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. सगळं बंदर भोवती होतं, पाट्या येत होत्या, बर्फ फुटत होता. मी नाव गिळलं.

"माझी," मी म्हटलं. "त्याने नीट सांगून ठेवलं होतं आणि मी ऐकलं न्हाय. माझ्यामुळे इंजिन बिघडलं."

"जा गो," ती म्हणाली, "आता भावाची बाजू घेऊन आलीस होय? तुला इंजिनातलं काय कळतंय?" सगळ्या हसल्या, आणि लिलाव सुरू झाला तशा उठून गेल्या.

मी त्याच बंदरावर त्याचं नाव मातीत घालत होते, तेव्हा हे मला एकीनेही विचारलं नव्हतं.